गाणे माजघरात, गाणारा अंगणात



उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे शिरोळ तालुक्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रीघ लागते. मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यापाशी बांधलेला कर्णा. जयसिंगपूरच्या रस्त्याने असा ट्रॅक्टर यायचा झाला, तर गाणे आधी पोचते आणि ऊस मागाहून. त्या गाण्यांत लावणी असते, सिनेमातले गाणे असते, आणि अलीकडे आणखी एक प्रकार असतो. त्याला चाल म्हणावी तर चाल नाही. नुसते बोलणे म्हणावे तर तसेही नाही. ठेका चालू असतो आणि त्यावर एखादा पोरगा न थांबता शब्दांमागून शब्द टाकीत जातो. यमकाला यमक भिडते. श्वास घेतो न घेतो तोच पुढचे कडवे सुरू. याला रॅप म्हणतात. आणि हे रॅप ज्या मोठ्या घराण्यातले आहे, त्या घराण्याचे नाव हिप-हॉप.

घरातली तरुण पोरे हे ऐकून माना डोलावतात. आजोबा म्हणतात, "गाणं हाय का भांडण हाय ह्ये?" शाळेत गुरुजींपुढे आणखी वेगळी अडचण असते. स्नेहसंमेलन जवळ येते आणि आठवीतली दोन-तीन मुले येऊन विचारतात, "सर, आम्ही रॅप म्हणू का?" हो म्हणावे की नाही म्हणावे? याचे उत्तर द्यायचे तर हे गाणे कुठून आले, कुणी आणले, आणि ज्यांनी ते आधी दाराबाहेर ठेवले त्यांनीच पुढे त्याला घरात कसे घेतले, ही हकीकत ठाऊक हवी. आज तीच मी तुमच्यापुढे मांडणार आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचे शहर आहे, आणि त्या शहराचा ब्रॉन्क्स नावाचा एक भाग आहे. तिथे गरीब वस्ती. काळे लोक, वेस्ट इंडीज बेटांवरून आलेले लोक, पोर्टोरिको बेटावरून आलेले लोक. वस्तीच्या मधोमध एक रुंद मोटाररस्ता काढला गेला आणि हजारो कुटुंबे उठली. १९७० नंतरच्या वर्षांत तिथल्या इमारतीच्या इमारती आगीत जळून गेल्या. कामधंदा नाही, आणि वाद्य शिकावे म्हटले तर पैसा नाही. अशा ठिकाणी ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी एका इमारतीच्या खालच्या दालनात नाचगाण्याची एक मेजवानी झाली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने ती भरवली. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट, असे तिकीट. तबकड्या वाजवायला तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह होता. तो जमेका बेटावर जन्मलेला. लोक त्याला कूल हर्क म्हणत.

या हर्कने काय केले ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. तमाशात ढोलकीवाला तोडा घेतो, तेव्हा गाणे क्षणभर थांबते आणि नुसता ठेका बोलतो. त्या क्षणी बसलेल्या माणसाचेही पाय हलतात. अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या तबकड्यांतही असा एक तुकडा असतो. तो काही सेकंदांतच संपतो. हर्कने पाहिले की पोरे त्या तुकड्याचीच वाट बघतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच तुकडा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा तोडा असा पाहिजे तितका वेळ चालू राहिला. पेटी नाही, तंतुवाद्य नाही. जुन्या तबकड्यांतून नवे वाद्य तयार झाले.

या ठेक्यावर कुणी नाचू लागले. जमिनीवर हात टेकून, गिरकी घेऊन. कुणी ध्वनिक्षेपक हातात घेऊन जमलेल्यांना आरोळी देऊ लागले. आरोळीचे यमक झाले, यमकाचे कडवे झाले, आणि कडव्यांत आपली गल्ली, आपले दुःख, आपली फुशारकी येऊ लागली. हेच रॅप. दोन गायक समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांनी चीत करू लागले. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले फडात सवाल-जवाब करीत, तशातलाच हा प्रकार. एकाने दुसऱ्याचे पाहून घेतले, असे मी म्हणत नाही. दोन्हीकडच्या गरिबाजवळ फुकटचे एकच भांडवल होते, आणि ते म्हणजे जीभ.

आता हे गाणे वस्तीबाहेर कसे पडले ते ऐका. १९७९ साली एका तबकडी कंपनीने तीन तरुण गोळा करून एक लांबलचक रॅप ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या मंडळाचे नाव शुगरहिल गँग. ती तबकडी लाखांनी खपली आणि अमेरिकेला प्रथमच कळले की असे काही गाणे असते. पण त्यातली बरीच कडवी ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या ब्रॉन्क्समधल्या दुसऱ्याच गायकाच्या वहीतली होती. त्याला त्या तबकडीवर नाव मिळाले नाही, पैसाही मिळाला नाही. गाणे देशभर गेले आणि रचणारा गल्लीतच राहिला. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

१९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांची एक तबकडी आली. तीत नाचगाणे कमी आणि वस्तीतल्या हालांचे वर्णन अधिक. तेव्हा जाणत्यांना वाटू लागले की यात काही ऐकण्यासारखे आहे. तरी दरवाजा सहज उघडला नाही. अमेरिकेत संगीताचा मोठा मान म्हणजे ग्रॅमी पारितोषिक. रॅपसाठी ते पहिल्यांदा १९८९ साली ठेवले गेले, पण तेवढा सोहळा दूरचित्रवाणीवर दाखवायचा नाही असे ठरले. ज्यांना ते मिळाले ते तरुण मग समारंभाला गेलेच नाहीत. जेवायला बोलवायचे आणि पान परसात मांडायचे, असला हा प्रकार! त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९९० साली, फ्लोरिडा राज्यातल्या एका न्यायाधीशाने एका मंडळाची तबकडी अश्लील ठरवली. ती विकणाऱ्या एका दुकानदाराला अटकही झाली. दोन वर्षांनी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला.

आणि पुढे? २०१७ साली अमेरिकेत सगळ्यांत जास्त ऐकले जाणारे संगीत म्हणून हिप-हॉप आणि त्याच्या जोडीचा रिदम अँड ब्लूज हा प्रकार पहिल्या क्रमांकावर गेला. २०१८ साली पुलित्झर हे तिकडचे मानाचे पारितोषिक केंड्रिक लामार या रॅपरच्या संग्रहाला मिळाले. संगीताचे ते पारितोषिक तोवर शास्त्रोक्त आणि जॅझ संगीताबाहेर कधी गेले नव्हते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये तो जमिनीवर गिरक्या घेण्याचा नाच स्पर्धेचा खेळ म्हणून खेळला गेला. पन्नास वर्षांत पंचवीस सेंटांच्या मेजवानीपासून ऑलिम्पिकपर्यंत मजल गेली.

पण त्या कूल हर्कचे काय झाले? २०११ साली तो आजारी पडला आणि त्याच्यापाशी दवाखान्याचा विमा नव्हता. चाहत्यांकडे मदत मागावी लागली. त्याने लावलेल्या झाडाखाली कितीतरी लोक तोवर कोट्यधीश झाले होते. अमेरिकेतल्या संगीताच्या मोठ्या मानकऱ्यांत त्याचे नाव घातले गेले ते २०२३ साली, मेजवानीला पन्नास वर्षे झाल्यावर.

हे ऐकताना तुम्हांला घरचे काही आठवले का? मला आठवतो आपला तमाशा.

वाळवे तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे गाव जयसिंगपूरहून काही फार लांब नाही. तिथे १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. ब्राह्मणाचा मुलगा तमाशाच्या फडात शिरला, पवळाबाईंसारख्या दलित समाजातल्या थोर कलावतीबरोबर उभा राहिला, आणि आप्तांना, जातीला मुकला. तेच पठ्ठे बापूराव. त्यांची लावणी गावोगाव गेली. पण १९४५ साली ते पुण्यात वारले ते हलाखीतच. पुढे थोड्याच वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. ती उठली तीही अटी घालून. वगाची संहिता सरकारी मंडळाकडून आधी तपासून घ्यावी लागे. फ्लोरिडातल्या न्यायाधीशाची गोष्ट ऐकून हसू आले असेल, तर आपलीही गोष्ट अशी आहे.

दुसऱ्या बाजूने सिनेमा आला. १९४७ साली 'रामजोशी', १९५९ साली 'सांगत्ये ऐका', जो पुण्यात शंभरावर आठवडे चालला, १९७२ साली 'पिंजरा'. ज्या घरांतली माणसे तंबूत पाय ठेवायला लाजत, ती सहकुटुंब थिएटरात जाऊन लावणी ऐकू लागली. कागलच्या आनंद यादवांनी 'नटरंग' ही कादंबरी लिहिली. तिच्यावरचा चित्रपट २०१० साली आला आणि त्यातली लावणी लग्नाच्या मांडवातही वाजली. गाणे असे अंगणातून ओसरीवर आले, ओसरीवरून माजघरात गेले.

आणि गाणारी? विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. प्रयोग चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचे बिल देणग्यांतून भागवावे लागले. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार सुरू झाला तो त्या गेल्यानंतर, २००६ साली. विठाबाई आणि कूल हर्क यांच्यात सात समुद्रांचे अंतर, पण दवाखान्याचे बिल दोघांपुढे सारखेच उभे राहिले.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, श्रोतेहो. समाज जेव्हा 'आम्ही हे गाणे स्वीकारले' असे म्हणतो, तेव्हा तो पुष्कळदा नुसते गाणेच स्वीकारतो. गाणाऱ्याची पाळी मागाहून येते, आणि कधी कधी येतच नाही.

आता आपल्या रॅपकडे येऊ. हिंदीत बाबा सहगल यांनी १९९२ साली रॅप लोकप्रिय केले. पण ते गमतीचे, दूरचित्रवाणीवर पाहून हसण्याचे. गल्लीतले रॅप आले ते वीस वर्षांनी, मुंबईच्या उपनगरांतून. अंधेरीचा विवियन फर्नांडिस, त्याने 'डिव्हाइन' हे नाव घेतले. कुर्ल्याचा नावेद शेख, त्याने 'नेझी' हे नाव घेतले. नावेदच्या वडिलांनी त्याला पाटीएवढा एक संगणक घेऊन दिला होता, ज्याला आयपॅड म्हणतात. त्याच पाटीवर त्याने गाणे ध्वनिमुद्रित केले, त्याच पाटीने गल्लीत चित्रण केले, आणि २०१४ साली ते लोकांपुढे ठेवले. ब्रॉन्क्समध्ये जुन्या तबकड्या होत्या, इथे ही पाटी होती, युक्ती तीच. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि असे गाणे खेड्यातल्या पोराच्या खिशात जाऊन बसले. मग त्यालाही वाटले, याला ना सतार लागत, ना क्लासची फी; एक फोन आणि एक वही पुरे.

२०१९ साली झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा हिंदी चित्रपट आला. या दोघा तरुणांच्या आयुष्यावरून त्याची कथा सुचलेली. त्याला फिल्मफेअरची तेरा पारितोषिके मिळाली आणि भारताकडून तो ऑस्करसाठी पाठवला गेला. कितीतरी खऱ्या रॅपरांना त्यात काम मिळाले, नाव मिळाले. ते नाकारायचे कारण नाही. तरी त्यातले सगळ्यांत गाजलेले गाणे कुणाच्या आवाजात आहे? नायकाचे काम करणाऱ्या नटाच्या. पुष्कळ घरांत रॅप पोचले ते त्या आवाजात.

मराठीतही हे पीक आले आहे. मुंबईच्या 'स्वदेसी' या मंडळात अनेक भाषांत गाणारे तरुण एकत्र आले. त्यांतला 'एमसी मवाली' मराठीत गातो. आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या हक्कासाठी त्यांनी प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याला बरोबर घेऊन गाणे केले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी बोलीत रॅप करतो. त्याने आपले नाव मोठे गमतीदार घेतले आहे. शंभराचा आकडा लिहितो आणि पुढे आर-बी-एच ही इंग्रजी अक्षरे. 'सौ' आणि 'रभ', वाचून पाहा! पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला 'एमसी स्टॅन' २०२३ साली दूरचित्रवाणीवरच्या 'बिग बॉस' या मोठ्या स्पर्धेत पहिला आला.

त्याच २०२३ साली, एप्रिल महिन्यात, राजकारण्यांवर मराठीत रॅप रचणाऱ्या दोन तरुणांवर महाराष्ट्रात पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. कुणाचे चूक, कुणाचे बरोबर, हा आजचा विषय नाही. पण एकाच वर्षात एका रॅपरला मोठे बक्षीस मिळते आणि दुसऱ्या दोघांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. यावरून मान्यता कशी अर्धी असते ते दिसते. पोटात बोचत नाही तोवर गाणे गोड.

आपल्याला हे नवे वाटायला नको. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. मुंबईतल्या माड्या आणि झोपड्या एकाच लावणीत शेजारी शेजारी मांडल्या. सरकारने त्या पथकावरही बंदी घातली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र त्याच शाहिरांच्या डफावर मैदाने भरली. कोल्हापूरच्या मातीने लहरी हैदर दिले, पिराजीराव सरनाईक दिले. डफ, तुणतुणे आणि मागे 'जी जी' म्हणणारे झीलकरी एवढ्या सामग्रीवर शाहीर चार-चार तास गाव बसवून ठेवीत. आपल्या बोलीत, ठेक्यावर, न भिता बोलणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. रॅप करणारा पोरगा तिला परका नाही.

"म्हणजे सगळं रॅप चांगलंच का?" असे कुणी विचारील. मुळीच नाही. त्यात शिवराळपणा पुष्कळ आहे, नशेची फुशारकी आहे, बायकांविषयी हलके बोलणे आहे. अमेरिकेतही आहे, आपल्याकडेही आहे. भुईमुगाच्या शेंगा काढल्या की माती झाडावी लागतेच. पण माती लागली म्हणून कुणी वेल फेकून देत नाही. आणि निवडायचे काम शिक्षकांइतके चांगले कोण करील?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना दोन-तीन सूचना करतो. मुले विचारायला आली तर एकदम नाही म्हणू नका, म्हणा, "दुसऱ्याचं चालणार नाही, स्वतः लिहून आणा. शिवी नको, आणि खोटं नको." बाकावर हाताने चार ठोके धरायला लावा, एक-दोन-तीन-चार, आणि प्रत्येक ओळ त्या चार ठोक्यांत बसवायला सांगा. मात्रा म्हणजे काय, यमक म्हणजे काय, हे व्याकरणाच्या पुस्तकातून समजायला महिना लागतो. असे केले तर एका तासात समजते. विषय शोधायला लांब जायला नको. शिरोळ तालुक्याने २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर थोड्या अंतराने पाहिले. घरात पाणी शिरले तेव्हा काय केले, जनावरे कुठे बांधली, पाणी ओसरल्यावर वह्या कशा वाळवल्या, हे ज्या मुलाने पाहिले त्याच्यापाशी आठ ओळी आहेतच. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली मुले वर्गात असतील, तर त्यांच्यापाशी सोळा असतील.

आणि बोली सुधारायला जाऊ नका. जयसिंगपूर ही राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वडिलांच्या नावाने वसवलेली पेठ. व्यापारासाठी चहूकडून माणसे आली; मराठीला कानडी हेल लागला, गुजराती-मारवाडी शब्द दुकानात रुळले. ही मिसळलेली बोली निबंधाच्या वहीत चूक ठरेल. ठेक्यावर मात्र तीच जिवंत वाटते. निबंधात प्रमाण भाषा जरूर शिकवा. या आठ ओळींत आईची भाषा असू द्या.

शेवटची सूचना सर्वांसाठी, गणेशमंडळांच्या कार्यकर्त्यांसाठीसुद्धा. गावातला एखादा पोरगा चांगले रचतो असे दिसले, तर कार्यक्रमाला बोलवा आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव सांगा. पाहुण्या कलावंताला बिदागी देता, तशी त्यालाही पाकिटात घालून द्या. टाळ्यांवर बोळवण करू नका. त्याचे गाणे तुमच्या मोबाइलवरून पुढे पाठवाल, तर रचणाऱ्याचे नाव खोडू नका. मुलीने रचले असेल, तर लोक काय म्हणतील याची धास्ती तिच्या आईबापांना जास्त असेल. त्यांना पुढच्या रांगेत बसवा. तमाशातल्या कलावतींना जे आपण वेळेवर दिले नाही, ते निदान या पोरापोरींना वेळेवर द्यावे. त्याला खर्च फार नाही. सतरंजीवर एक जागा, कागदावर एक नाव आणि पाकिटात चार पैसे, एवढेच लागते.